पोचवायला निघालेले

माणूस गेला की आपण त्याला 'पोचवायला' जातो. घर ते स्मशान, बहुतेकदा अर्ध्या तासाचा रस्ता. मग सुतकाचे दिवस घरच्यांनी घरातच काढायचे, लोकांनी भेटायला यायचं. लांबचा प्रवास घडतो तो अस्थींना, नाशिकला नाहीतर पैठणला. अमेरिकन कादंबऱ्या वाचताना मला हा शब्द सारखा आठवतो, कारण तिथे पोचवणं शेकडो मैल चालतं. सी पाम झँग यांच्या २०२० मध्ये आलेल्या 'हाउ मच ऑफ दीज हिल्स इज गोल्ड'मध्ये चिनी वंशाची दोन पोरकी भावंडं बापाचं प्रेत चोरलेल्या घोड्यावर लादून सोन्याच्या खाणींच्या मुलखात भटकतात. डोळ्यांवर ठेवायला त्यांना चांदीचे दोन डॉलर हवे असतात, आणि पुरायला 'आपली' म्हणता येईल अशी जमीन. डॉलरपेक्षा जमीनच अवघड ठरते.

मृत्यूनंतर रस्त्याला लागलेल्या माणसांच्या अशा कादंबऱ्या तिकडे सतत येत असतात. प्रवासाने मन हलकं होतं, म्हणून त्या लिहिल्या जातात, असं एक सोपं उत्तर आहे. मला ते अपुरं वाटतं. या गोष्टींच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक अडचण आहे. जो देश सतत जागा बदलत राहिला, तिथे आपलं माणूस ठेवायचं कुठे?

हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी-डिक'मध्ये (१८५१) हे पहिल्याच परिच्छेदात दिसतं. पाय आपोआप शवपेट्यांच्या दुकानासमोर थांबू लागले, भेटेल त्या प्रेतयात्रेच्या मागे चालू लागले, की समुद्रावर जायची वेळ झाली हे ओळखावं, असं निवेदक इश्माएल सांगतो. शेवटी जहाज बुडतं तेव्हा मित्रासाठी बनवलेली शवपेटीच त्याला तरंगत ठेवते, आणि त्याला वर काढतं ते हरवलेल्या मुलाला शोधत फिरणाऱ्या एका कप्तानाचं जहाज.

मग यादवी युद्ध आलं. १८६१ ते १८६५ या काळात सुमारे ६,२०,००० सैनिक मेले, बहुतेक घरापासून दूर, आणि पडले तिथेच घाईघाईने पुरले गेले. आईबाप, बायका, भाऊ रणभूमीवर येऊन खड्डे उकरत आपलं माणूस शोधू लागले. ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठी प्रेतात रसायनं भरून ते टिकवणारे कारागीर सैन्याच्या मागोमाग फिरत. आज अमेरिकेत रूढ असलेली ही पद्धत पसरली ती मुख्यतः प्रेत आगगाडीने घरी नेता यावं म्हणून. युद्ध संपल्यावर सरकारने तीन लाखांहून अधिक सैनिकांचे अवशेष उकरून राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरले.

लिंकनचा शेवटचा प्रवासही असाच झाला. २१ एप्रिल १८६५ ला वॉशिंग्टनहून निघालेली त्याची गाडी सुमारे १,६५० मैल फिरून ३ मे रोजी स्प्रिंगफील्डला पोचली. त्याच गाडीत दुसरी, लहान पेटी होती. १८६२ मध्ये अकराव्या वर्षी गेलेल्या विलीची. तात्पुरता वॉशिंग्टनजवळ ठेवलेला मुलगा बापाबरोबर घरी निघाला होता. जॉर्ज सॉन्डर्स यांच्या 'लिंकन इन द बार्डो'ला २०१७ चं बुकर मिळालं. त्यात बाप रात्री दफनभूमीत येऊन मुलाची पेटी उघडतो. मला मात्र ती कादंबरी वाचताना तीन वर्षांनंतरची गाडीच दिसत राहिली.

विल्यम फॉकनरच्या 'अॅज आय ले डाइंग'ने (१९३०) या प्रकाराला कायमचा साचा दिला. अॅडी बंड्रनला आपल्या माहेरच्या माणसांत, जेफरसन गावी पुरून घ्यायचं आहे. ती अजून जिवंत असताना थोरला मुलगा तिच्या खिडकीखाली बसून तिची पेटी बनवतो. मग मिसिसिपीच्या उन्हात खेचरांची गाडी निघते. पुराने पूल गेलेले, खेचरं बुडतात, मुलाचा पाय मोडतो, आकाशात गिधाडं फिरतात. पंधरा माणसं आळीपाळीने ही गोष्ट सांगतात आणि त्यांत मेलेली अॅडीही आहे. प्रत्येकाचं शहरात काहीतरी वेगळं काम असतं. नवऱ्याला कवळी हवी आहे, आणि तो परततो तो नव्या बायकोसकट. हे वाचून कुणाला किळस येते. मला त्यात फॉकनरचं सगळ्यात मोठं शहाणपण दिसतं. दुःख आणि गरज एकाच गाडीत बसतात, आणि म्हणून दुःख खोटं ठरत नाही.

जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये (१९३९) पोचवायची सोयही उरलेली नाही. जोड नावाचं कुटुंब आजोबांना रस्त्याकडेलाच पुरतं आणि बरणीत चिठ्ठी ठेवतं : म्हातारा झटक्याने गेला, कुणी मारला नाही, अंत्यविधीला पैसे नव्हते.

यानंतर ओझं दिसेनासं होतं. जॅक केरुआकचं 'ऑन द रोड' (१९५७) तरुणाईच्या बेभान भटकंतीचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं. छापील कादंबरी सुरू होते ती निवेदकाच्या मोडलेल्या संसारापासून. पण १९५१ मध्ये केरुआकने कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर टंकलेला मूळ मजकूर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पहिल्या वाक्यात वडील नुकतेच वारलेले आहेत. एवढ्या एका बदलाने सगळ्या पुस्तकाचा रंग पालटतो. ती धावपळ कशापासून होती, हे कळल्यावर मला ते पुस्तक पुन्हा पहिल्यासारखं वाचता आलं नाही. कादंबरी येण्याच्या आदल्याच वर्षी ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला होता. पुढच्या पिढ्यांच्या कथांत दुःखी माणूस गाडीची किल्ली उचलतो, त्याची सोय सरकारनेच केली होती.

अॅन टायलरच्या 'द अॅक्सिडेंटल टूरिस्ट'चा (१९८५) नायक मात्र उलट करतो. मुलाचा खून झालेला हा बाप प्रवासाची पुस्तकं लिहितो, तीही घर सोडल्याचं जाणवूच नये असं ज्यांना वाटतं, अशा वाचकांसाठी.

काळ्या लेखकांकडे हा प्रश्न वेगळ्या वजनाने आला, कारण त्यांच्या पूर्वजांना थडगी, नावं, गाव काहीच धड ठेवू दिलं नव्हतं. टोनी मॉरिसन यांच्या 'साँग ऑफ सॉलोमन'मध्ये (१९७७) पायलट नावाची बाई वर्षानुवर्षं हाडांची पोतडी सांभाळते. ती एका परक्याची हाडं आहेत असं तिला वाटतं. पुतण्या दक्षिणेत जाऊन मूळ शोधतो तेव्हा कळतं की ती तिच्या बापाची आहेत. जेस्मिन वॉर्ड यांच्या 'सिंग, अनबरीड, सिंग'मध्ये (२०१७) एक आई मुलांना घेऊन पार्चमन तुरुंगात त्यांच्या बापाला आणायला जाते. परतीच्या वाटेवर पूर्वी त्याच तुरुंगात कैदी असलेल्या एका मेलेल्या मुलाचं भूत गाडीत येऊन बसतं. फॉकनरचीच मिसिसिपी, फक्त मेलेलं माणूस आता स्वतःहून बरोबर निघालंय.

११ सप्टेंबर २००१ नंतर पोचवायला काहीच हाती नसलेली माणसंही या कथांत आली. जोनाथन सॅफ्रन फोअर यांच्या 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज'मध्ये (२००५) बापाची पेटी रिकामीच पुरलेली असते. मुलगा एका किल्लीचं कुलूप शोधत न्यूयॉर्कभर हिंडतो, आणि शेवटी आजोबा आपल्या मुलाला कधीच न पाठवलेल्या पत्रांनी ती पेटी भरतात.

स्थलांतरितांच्या घरात तर पोचवण्याचं ठिकाण म्हणून दोन देश असतात. झुंपा लाहिरी यांच्या 'अनअकस्टम्ड अर्थ' (२००८) या संग्रहातला कौशिक मॅसॅच्युसेट्समधून मुंबईला आणि मुंबईहून परत मॅसॅच्युसेट्सला आलेला मुलगा. परत येण्याचं खरं कारण आईचा कर्करोग. ती गेल्यावर वडील दुसरं लग्न करतात आणि सावत्र बहिणी आईचे लपवलेले फोटो बघत बसलेल्या त्याला दिसतात. तो त्यांना नको ते बोलतो, फोटोंचा खोका गाडीत टाकतो आणि मेन राज्याच्या किनाऱ्याने उत्तरेकडे, पार कॅनडाच्या हद्दीजवळ जातो. तिथे समुद्राकाठी, जिथे आईने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तो खड्डा खणून खोका पुरतो.