संवाद ऐकू न येता आजी कशी हसली?

आमची आजी 81 वर्षांची आहे. तिच्याकडे कानाचं मशीन आहे, पण ते डबीतच असतं. लावलं की शिट्टी वाजते, ही तिची तक्रार. गेल्या महिन्यात नागपुरात बर्डीला नवा मराठी पिक्चर लागला आणि आत्याने सहा तिकिटं काढली, तेव्हा मी हळूच म्हटलं, आजीला ऐकू कुठे येतं, ती कंटाळेल. माझं बोलणं संपायच्या आत आजी जरीकाठाचं लुगडं नेसून, कमरेच्या बटव्यात बडीशेप टाकून दारात उभी होती.

पिक्चर दोन भावांच्या भांडणाचा. मध्यंतराच्या आधी एक प्रसंग येतो. थोरला भाऊ फौजदाराला भिऊन धान्याच्या कणगीत लपतो. पडद्यावर फक्त बंद कणगी आणि फौजदाराची पाठ. फौजदार विचारतो, घरात कोण आहे? आणि आतून आवाज येतो, "तो तर कालच गावाला गेला!" सगळा हॉल खदखदून हसला. आजीही हसली. अर्धा क्षण उशिरा, पण पोट धरून. तिचा हात माझ्या मनगटावर होता, तो गदगदा हलत होता.

मी तिच्या कानाशी लागून विचारलं, "आजी, काय बोलला तो?"

"काय माहीत बाप्पा," ती डोळे पुसत म्हणाली, "पण काय मजा येऊन राहिली!"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हे वाक्य मला काही स्वस्थ बसू देईना. दृश्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, संवाद तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मग ती हसली कशाला?

पहिलं उत्तर कानातच आहे. वय झालं की सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, आणि तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे बारीक आवाज टिपतात, आणि झीज बहुधा तिथूनच सुरू होते. आता आपली भाषा पाहा. स, श, फ, थ ही व्यंजनं याच उंच पट्टीत राहतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो आणि शब्द येत नाही. आजी चिडून म्हणते, "ओरडून नको राहू, नीट बोल," तेव्हा ती शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर बोलत असते.

हसणं मात्र जवळजवळ सगळं स्वरांचंच असतं. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसांचं हसू ध्वनिमुद्रित करून मोजलं. एकेका 'हा'ची लांबी सेकंदाच्या साधारण 75 हजारांश भागाइतकी, आणि एका 'हा'पासून पुढच्या 'हा'पर्यंत सुमारे 210 हजारांश. माणूस कुठलाही असो, हा ठेका फारसा बदलत नाही. आजीच्या कानाच्या चाळणीतून शब्द गळून गेले, पण शेदोनशे लोकांचा हा ठेका तिला लख्ख ऐकू आला.

आणि हसू ऐकू आलं की मेंदू नुसता ऐकत बसत नाही. 2006 साली लंडनच्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून वेगवेगळे आवाज ऐकवले: हसण्याचे, जिंकल्याच्या आनंदाचे, भीतीचे, किळसेचे. ऐकणाऱ्याने चेहरा हलवायचा नव्हता. तरीही चेहऱ्याच्या हालचालींची तयारी करणारा मेंदूचा भाग जागा झाला, आणि हसण्या-जल्लोषाच्या आवाजांना त्याचा प्रतिसाद भीती-किळसेच्या आवाजांपेक्षा जोरदार होता. म्हणजे विनोद समजायच्या आधीच ओठ हसायच्या तयारीला लागलेले असतात. आजीचा तो अर्धा क्षण याच कामात गेला असावा.

प्रोव्हाइन यांनी आणखी एक मोजमाप केलं. लोकांना आपण कधी हसलो याची नोंदवही ठेवायला लावली. टीव्ही, पुस्तक असं काही साधन हाताशी नसलेली वेळ धरली, तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या 30 पट चारचौघांत हसतो. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. विनोद हे हसण्याचं एक निमित्त झालं; हसायला समोर माणूस लागतो.

हे हसणं अंगातही उतरतं. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की मित्रांबरोबर विनोदी दृश्यं पाहून हसल्यावर मेंदूत एंडॉर्फिनसारखी, शरीराने स्वतःच तयार केलेली वेदनाशामक द्रव्यं सुटतात. त्याच्या आधी ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने हेच आडवळणाने तपासलं होतं. बाटली गार करायचं गोठवलेलं वेष्टन हाताला गुंडाळायचं आणि माणूस किती वेळ कळ सोसतो ते बघायचं. एकत्र बसून मनापासून हसलेली माणसं जास्त वेळ टिकली. पुढे 2016 मध्ये याच गटाने रडवणारा चित्रपट दाखवून पाहिला, तर तिथेही सोसण्याची ताकद सरासरीने वाढली, आणि ज्यांची वाढली त्यांना शेजारी बसलेली माणसं जास्त आपली वाटू लागली. मनसोक्त रडून बाहेर पडलेल्या बायका अनोळखी बाईशीही दोन शब्द बोलतात, हे आत्याचं निरीक्षण. त्याचं मूळ इथे असेल.

मला सगळ्यांत जास्त थक्क केलं ते मात्र हवेने.

मध्यंतरानंतर धाकटा भाऊ रात्री विहिरीत उतरतो. दोर कुरकुरतो, कंदील हेलकावतो. माझ्या मनगटावरची आजीची बोटं हळूहळू घट्ट झाली. तिला ते कळलंही नसेल. माझेही खांदे वर गेले होते, पलीकडे भाच्याने पाय खुर्चीवर ओढून घेतले होते. अंधारात सगळ्या रांगांमध्ये असंच काही चालू असणार. ही चोरटी हालचाल हवेत मोजता येते. जर्मनीत माइन्झ शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्था आहे. तिथल्या जोनाथन विल्यम्स यांच्या गटाने एका चित्रपटगृहातून बाहेर टाकली जाणारी हवा सतत तपासली. सुमारे 9,500 प्रेक्षकांचे श्वास त्या उपकरणातून गेले. त्यांना काय दिसावं? एकच चित्रपट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांनी पाहिला, तरी श्वास रोखून धरायला लावणाऱ्या प्रसंगांना कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन हे दोन वायू त्याच त्या ठिकाणी उसळी घेत होते. निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले.

आयसोप्रीन आपल्या स्नायूंमध्ये साठलेला असतो. स्नायू जरा आवळला, की तो रक्तात येतो आणि तिथून श्वासावाटे बाहेर. माणूस खुर्चीत सावरून बसला, मूठ आवळली, श्वास अडकवून मग सोडला, की हवेत त्याची नोंद होते. दोन वर्षांनी याच गटाने 11 चित्रपटांचे 135 खेळ आणि 13,000 हून अधिक प्रेक्षक तपासले. तेव्हा हवेतल्या आयसोप्रीनवरून चित्रपट कोणत्या वयाच्या मुलांना दाखवायला योग्य, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला. परीक्षकांच्या मंडळाने ठरवलेली गोष्ट प्रेक्षकांच्या स्नायूंनीही सांगितली होती.

तेव्हापासून विहिरीचा तो प्रसंग आठवला, की मला आजीची बोटं आठवतात. त्या पाच बोटांतून सुटलेला आयसोप्रीनही हॉलच्या हवेत मिसळला असणार.

आता एक शंका येते, आणि ती रास्त आहे. सगळे एकाच वेळी दचकतात ते पिक्चरमुळे की एकमेकांमुळे? 2004 साली इस्रायलमध्ये उरी हासन आणि सहकाऱ्यांनी पाच जणांना, प्रत्येकाला वेगवेगळं, एमआरआय यंत्रात झोपवून एका गाजलेल्या पाश्चात्त्य चित्रपटाचा अर्धा तास दाखवला. प्रत्येक जण एकटा होता, तरी त्यांच्या मेंदूंतल्या मोठ्या भागाचे चढउतार एकमेकांशी जुळले. दिग्दर्शक जितका घट्ट हात धरून नेणारा, तितकं हे जुळणं जास्त. हासन यांच्या पुढच्या मोजणीत रहस्यपटांसाठी गाजलेल्या हिचकॉकच्या टीव्ही-मालिकेतल्या एका भागाने मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, 65 टक्के भाग एका तालात आणला होता. बागेत नुसताच कॅमेरा ठेवून टिपलेल्या चित्रणाला 5 टक्केही जमले नव्हते. जपानमध्ये तर असं दिसलं, की मिस्टर बीनचा भाग पाहताना लोकांच्या पापण्याही एका वेळी मिटतात, जिथे काही महत्त्वाचं निसटणार नाही अशा नेमक्या जागी. माशांच्या टाकीचं चित्रण पाहताना असं होत नाही. गोष्ट असावी लागते.

म्हणजे एकटं पाहिलं तरी पिक्चर सगळ्यांना एका दावणीला बांधतोच. मग बरोबर जायचं कशाला? याचं उत्तर 2015 च्या एका इस्रायली प्रयोगात मिळतं. लोकांनी भावनिक चित्रफिती एका खोलीत शेजारी बसून पाहिल्या. बोलायचं नव्हतं. तरी त्यांच्या हृदयाची आणि त्वचेवरच्या घामाची लय, वेगवेगळी पाहणाऱ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळली. ज्यांची लय अधिक जुळली, त्यांच्या भावनाही जास्त जवळ आल्या. नुसतं शेजारी असणं पुरलं.

पण शेजारी असणं चांगल्यालाच वाढवतं असं नाही. 2014 मध्ये येल विद्यापीठात दोघांना एकाच वेळी चॉकलेट खायला दिलं. चवीला चांगलं चॉकलेट सोबतीने खाल्लं तर जास्त आवडलं. मुद्दाम निवडलेलं कडू चॉकलेट सोबतीने खाल्लं, तर एकट्याने खाल्ल्यापेक्षा जास्त नकोसं झालं. पडद्यावर प्रेमप्रसंग सुरू झाला आणि पलीकडे बाबा बसलेले असले, की तीस सेकंदांचा तो प्रसंग संपता संपत नाही. मध्यमवर्गी मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. आपण एकाच वेळी दोन मनांनी पाहत असतो, आपल्या आणि बाबांच्या.

या दुसऱ्या मनाची चाहूल लागते ती नजरेने. शिकागोच्या एका अभ्यासात जोडीने पाहणाऱ्यांची क्षणोक्षणीची पसंती नोंदवली गेली. एकमेकांकडे एकाच वेळी पाहून ज्यांना आपलं जमतंय असं दिसलं, त्यांना पुढचा भागही अधिक आवडला. म्हणूनच मला नव्या रुंद, मागे झुकणाऱ्या खुर्च्यांबद्दल मनापासून वाईट वाटतं. पाय लांब होतात, पण आत्या दोन हात लांब जाते. बाबा सांगतात, भर मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, की ते मित्रांसोबत गारव्यासाठी जानकी किंवा पंचशील टॉकीजमध्ये जाऊन बसायचे, कोपराला कोपर लावून. पिक्चर कोणता होता हे त्यांना आठवत नाही. शेजारी कोण होतं ते बरोबर आठवतं.

पिक्चर सुटला. स्कूटरच्या गर्दीतून वाट काढतानाच आत्याने विचारलं, "कसा लागला?" नागपुरात पिक्चर टॉकीजला लागतो आणि मनालाही लागतो. आईला ठीकठाक वाटला, भाच्याला विहीर आवडली, बाबा म्हणाले शेवट लांबवला. रात्री जेवायला बसेपर्यंत आईही शेवटाला नावं ठेवू लागली. बाबांनी धाकट्या भावाची सायकल हिरवी होती असं सांगितलं. मला ती काळी आठवत होती. दोन दिवसांनी मी मैत्रिणीला गोष्ट सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून हिरवी सायकलच बाहेर पडली. मानसशास्त्रात याला स्मृतीची लागण म्हणतात. 2001 साली रोएडिगर आणि सहकाऱ्यांनी ती प्रयोगात पकडली. सोबतच्या माणसाने चित्रात नसलेली वस्तू सहज सांगितली, की पुढे कित्येकांना ती स्वतः पाहिल्यासारखी आठवते. आपला म्हणून जो अभिप्राय आपण देतो, त्यात घरातल्या चारपाच जणांचे डोळे मिसळलेले असतात. मला यात गैर काही दिसत नाही. पिक्चर एकत्र पाहिला, तर आठवणही एकत्र व्हावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने वर्ध्याच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. आवाज मोठा करून फोन मांडीवर ठेवला आणि अख्खा पिक्चर सांगायला बसली. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. भांडण, विहीर, आई, सगळं आपापल्या जागी. मग कणगी आली.

"अवं, फौजदार म्हणते, घरात कोन हाय? तं हा कणगीतूनच म्हणते, साहेब, कोनीच नाही, मीबी नाही!"

पिक्चरमध्ये तो असं म्हणत नाही. हा संवाद आजीचा होता. फोनमधून बहिणीच्या हसण्याचा गडगडाट आला, आणि या वेळी आजी अर्धा क्षणही मागे राहिली नाही.