केळीवरचा हरण्या: फवारा उशिरा का पोहोचतो

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात मृगबागेची (पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीची) लागवड होऊन दीड-दोन महिने झालेले असतात, श्रावणाची झड लागते, आणि पोंग्यालगतच्या (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानालगतच्या) कोवळ्या पानावर पिवळे पट्टे उमटतात. शेतकरी याला हरण्या म्हणतात. पान उन्हासमोर धरा. पट्टे मधल्या शिरेकडून कडेला गेलेले, पण तुटक. एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. लोह कमी पडलं तर कोवळं पान सगळीकडून सारखंच फिकटतं.

हा कुकुंबर मोझॅक विषाणू. नाव काकडीचं, पण हजारावर वनस्पतींत त्याचं बिऱ्हाड: गिलके, डांगर, मिरची, टमाटे, चवळी, बांधावरचा केनासुद्धा. तिथला मावा पानात सोंड खुपसतो आणि मिनिटभरात विषाणू सोंडेला चिकटतो. पंख फुटलेला मावा केळीवर उतरतो, टोचून चव बघतो, जमलं नाही की उडतो. तेवढ्यात लागण झालेली असते. फवाऱ्याने मावा मरतो खरा, पण बाहेरून आलेला टोचून मोकळा झाल्यावर. पर्णगुच्छ (बंची टॉप) या केळीच्या दुसऱ्या रोगाचा मावा केळीवरच वस्ती करतो, त्याची गोष्ट वेगळी.

विषाणू अन्नरसाबरोबर वाढीच्या शेंड्यापर्यंत जातो. हरितद्रव्य नीट बनत नाही. पान अरुंद, खरबरीत, मुरगळलेलं निघतं. ढगाळ हवेत पारा 24 अंशांखाली गेला तर पोंगाच सडतो. ऊन तापलं की मात्र नवं पान चक्क निरोगी निघतं. इथेच बहुतेक जण फसतात, झाड राखतात, वर्षभर पाणी-खत घालतात आणि शेवटी घड निसवत (बाहेर पडत) नाही, निसवला तर फळं बारीक, वाकडी.

म्हणून बाग दर 4-5 दिवसांनी ओळीओळीने बघा. पट्टेवालं झाड कंदासकट उपटा. कंद जमिनीत राहिला तर त्याचं पील (कंदातून फुटणारं रोप) विषाणू घेऊनच वर येतं. उपटलेलं झाड बांधावर टाकू नका, गाडा किंवा जाळा. हा विषाणू मातीत टिकून राहत नाही, त्यामुळे त्याच खड्ड्यात नांगी भरता, म्हणजे नवं रोप लावता येतं. पण रोप विषाणू तपासणी झालेलं टिश्यू कल्चरचंच हवं, शेजारच्या बागेतलं पील नको. फवारणी बागेइतकीच बांधावरच्या तणावर करा, नाहीतर लागवडीआधीच ते उपटा. आणि केळीत काकडी-मिरचीचं आंतरपीक? चार पैसे सुटतात, पण विषाणू थेट घरात येतो.