गोयाचा वेलिंग्टन आणि असईची लढाई

लंडनच्या नॅशनल गॅलरीत स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने रंगवलेले ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे व्यक्तिचित्र आहे. महोगनीच्या फळीवरचे तैलचित्र, आकाराने जेमतेम ६४ बाय ५२ सेंटिमीटर. लाल गणवेश, छातीवर तीन तारे, गळ्यात मानचिन्हे, आणि खांद्यावरून तिरपे उतरणारे दोन पट्टे. निळा पट्टा पोर्तुगालने दिलेल्या किताबाचा. गुलाबीसर पट्टा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश किताबाचा. हा किताब त्याला १८०४ साली मिळाला, मराठ्यांविरुद्धच्या दख्खनच्या मोहिमेनंतर. मराठी माणसाने हे चित्र पाहताना आधी त्या पट्ट्याशी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

चित्र सुरू झाले १८१२ मध्ये. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी वर्षानुवर्षे झुंजून, सालामांकाची लढाई जिंकून वेलिंग्टन १२ ऑगस्टला माद्रिदमध्ये शिरला. तो ४३ वर्षांचा, गोया ६६ वर्षांचा आणि पूर्ण बहिरा. याच गोयाने आधी फ्रेंचांनी गादीवर बसवलेल्या जोसेफ बोनापार्टची चाकरी केली होती. आता विजेत्याला रंगवण्याची वेळ आली. त्याने वेलिंग्टनचे लाल खडूतले रेखाटन केले, एक घोड्यावरचे भव्य चित्र केले आणि हे छोटे अर्धचित्र केले. घोड्यावरच्या चित्राची पुढे क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा खाली आधीचा कोणी दुसराच स्वार निघाला! छोट्या चित्रातही फेरफार झाले. वेलिंग्टनला नवे मान मिळत गेले तशी गोयाने जुन्यावर नवी चिन्हे रंगवली.

चेहरा मात्र दरबारी नाही. डोळे मोठे आणि ताठ उघडे, गाल ओढलेले, ओठ किंचित विलग होऊन वरचे दात दिसतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बादाहोसचा किल्ला घेताना हजारो माणसे पडली होती, आणि त्या प्रेतांपुढे हा माणूस रडला होता. गोयानेही त्या काळात युद्धातल्या हालअपेष्टांची कोरीव चित्रे करायला घेतली होती. त्यामुळे सेनापतीचा थकवा त्याने झाकला नाही, यात मला नवल वाटत नाही.

हा सेनापती जन्माने सरदारपुत्र. मूळ नाव आर्थर वेलस्ली, मॉर्निंग्टनच्या अर्लचा मुलगा, १७६९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला. त्या काळी ब्रिटिश फौजेत हुद्दे पैसे मोजून विकत मिळत. थोरल्या भावाच्या पैशावर तो २४ व्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला. १७९७ मध्ये पलटण घेऊन तो कलकत्त्यास उतरला आणि पुढच्याच वर्षी तोच भाऊ, रिचर्ड, गव्हर्नर जनरल होऊन आला. श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथला कारभार धाकट्याकडे आला, तेव्हा वशिल्याची कुजबुज झालीच. मात्र हिंदुस्थानातली पुढची सहा वर्षे वशिल्यावर निभावली नसती.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजी फौजेच्या आधाराने पुण्याची गादी परत मिळवली. शिंदे आणि भोसले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली, चार दिवसांत किल्लाही घेतला. पेशव्यांच्या बाजूने त्याच्या छावणीत असलेल्या गोखल्यांचा उद्गार इंग्रजांनी टिपून ठेवला आहे: हे लोक सकाळी आले, तटावर चढले, शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले.

२३ सप्टेंबरला असई. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी तोफा लावून उभ्या होत्या. त्यांचा प्रमुख पोलमन नावाचा हॅनोवरचा माणूस. नदीला उतार, म्हणजे पार करण्याजोगी उथळ जागा, नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. एवढ्या जवळची गावे म्हणजे ये-जा असणार, आणि ये-जा म्हणजे उतार असणार. त्याने फौज तिथूनच पार नेली. पण शिंद्यांच्या पलटणींनी झटकन तोंड फिरवले, आणि बगलेवरचा हल्ला थेट तोफांच्या तोंडावर गेला. ७४ वी हायलंडर पलटण असई गावाकडे भरकटली आणि अक्षरशः कापली गेली. शिंद्यांचे काही गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. त्याच्याकडचे दीड हजारांवर लोक ठार किंवा जखमी झाले. इंग्रज जिंकले; तरी त्या गोलंदाजांची आठवण आपल्याकडे फार कमी निघते, याची मला खंत आहे.

मग अडगाव, गाविलगड, आणि डिसेंबरअखेर भोसल्यांशी देवगावचा व शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला उतारवयात विचारले गेले, की लढाईतली तुझी सर्वोत्तम कामगिरी कोणती? तो एकच शब्द बोलला: असई.

गोयाचे चित्र कालांतराने लीड्सच्या ड्यूक घराण्याकडे गेले. १९६१ मध्ये ते लिलावात निघाले आणि एका अमेरिकन संग्राहकाने १,४०,००० पौंडांना घेतले. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून वुल्फसन फाउंडेशनने एक लाख आणि सरकारने ४० हजार पौंड घातले. ऑगस्टच्या सुरुवातीला चित्र गॅलरीत लागले आणि २१ ऑगस्टला चोरीला गेले. बरोबर ५० वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, पॅरिसमधून मोनालिसा गेली होती. चोराची मागणी अशी: तेवढीच रक्कम दानाला द्या, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही पाहायला लागणाऱ्या परवान्याचा गरीब म्हाताऱ्यांचा खर्च भागेल. १९६५ मध्ये बर्मिंगहॅम स्टेशनच्या सामानघरात चित्र सापडले. केम्प्टन बंटन या माजी बसचालकाने गुन्हा कबूल केला, पण ज्यूरीने त्याला फक्त चौकटीच्या चोरीबद्दल दोषी धरले, कारण चौकट परत आली नव्हती. शिक्षा तीन महिने. प्रदर्शनातली वस्तू परवानगीशिवाय नुसती बाहेर नेणे हाही गुन्हा, असे कलम १९६८ च्या चोरीविरोधी कायद्यात आले. आणि २०१२ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदांतून कळले, की बंटनच्या मुलाने आपणच ते चित्र नेल्याची कबुली पोलिसांना पूर्वीच दिली होती.