पाडलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवू नका

द्राक्षाचा हंगाम उरकला की निफाड-दिंडोरीकडची मंडळी दवाखान्यात येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "दाढ पाडून चार वर्षं झाली. आता दोन दिवसांत बसवून द्याल ना?"

नाही बसत. खालची दाढ गेली की मागची दाढ हळूहळू पुढे कलंडते, वरची त्या खड्ड्यात उतरायला लागते. हाडही झिजतं, सगळ्यांत जास्त पहिल्याच वर्षी. मापाचा प्लास्टरचा साचा हातात दिला की पेशंटला स्वतःलाच दिसतं, नव्या दाताला जागाच उरलेली नाही. मग कलंडलेली दाढ सरळ करा, वरची घासा, कधी तिचं रूट कॅनाल करा. चार-पाच खेपांचं काम महिनोन् महिने चालतं, खर्चही वाढतो. जखम भरल्यावर, दोन-तीन महिन्यांत आलात तर यातलं बरंचसं वाचतं.

"वय झालं की दात जायचेच," हेही रोज ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठीपुढच्यांपैकी सुमारे 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही. म्हणजे बाकीच्यांचे थोडेफार तरी टिकलेत. दात जातात ते कीड आणि हिरड्यांच्या आजारानं. त्यात आपल्याकडे तंबाखू. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, बहुतेक जण खाऊन किंवा मिश्री लावून. मिश्रीनं ठणका दबतो, आजार मात्र हाडापर्यंत उतरत राहतो. साखर वाढलेली असेल तर आणखी लवकर.

हिरड्या साफ झाल्याशिवाय आम्ही ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवायच्या पक्क्या दाताचं, माप घेत नाही. यावर काही जण नाराज होतात, "साफ केलं की दात हलतात" म्हणतात. हलणारा दात आधीपासूनच सुटलेला असतो, साठलेल्या किटणानं तो धरून ठेवलेला असतो इतकंच. अशा दातावर ब्रिज चढवला तर दातासकट हातात येईल, आणि तुमचे पैसे असे घालवणं आम्हाला पटत नाही.

मुलांची सहाव्या वर्षी येणारी मागची दाढ दुधाची नसते. ती पडून पुन्हा येत नाही. किडलेली दिसली तर लगेच दाखवा. तेव्हा साध्या सिमेंटवर भागतं.

येताना जुना एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या बरोबर आणा. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका.