विदर्भात व्हरांडा, बाल्कनी किंवा गच्ची बंदिस्त करण्याची परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

घरापुढचा उघडा व्हरांडा काचेने बंद करून बसण्याची खोली करणे, बाल्कनीला सरकत्या खिडक्या लावून ती दिवाणखान्यात सामावून घेणे किंवा गच्चीवर पत्र्याचे अथवा पॉलिकार्बोनेटचे छत टाकणे, ही कामे नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर या शहरांत सर्रास होतात आणि त्यांतली बरीचशी कोणतीही परवानगी न घेता होतात. फॅब्रिकेटर चार दिवसांत काम उभे करून देतो, त्यामुळे हे दुरुस्तीचेच काम आहे असा समज रूढ झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र उघडी जागा भिंत, काच किंवा छत घालून बंदिस्त करणे हे बांधकाम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकासकाम करता येत नाही आणि परवानगीचा अर्ज कलम 44 खाली करावा लागतो.

मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. पुढील माहिती तिच्या आधारे दिली असून उदाहरणे मुख्यतः नागपूरची आहेत.

परवानगी कशाला लागते

खिडकीला सुरक्षा जाळी बसवणे, रंगकाम, गिलावा, फरशी बदलणे अशा कामांना परवानगी लागत नाही. कापडी पडदे, बांबूच्या चिका, वाळ्याचे ताटे किंवा हिरवी शेडनेट बांधल्याने जागा बंदिस्त होत नाही. पावसापासून बचावासाठी गच्चीवर घातलेल्या आच्छादनाला तात्पुरती परवानगी मिळू शकते, परंतु ती केवळ पावसाळ्यापुरती असते. त्याच छताला लोखंडी खांब देऊन, बाजूंनी पत्रा किंवा काच लावून ते बाराही महिने ठेवले, तर ते तात्पुरते राहत नाही.

व्हरांड्याला किंवा बाल्कनीला स्थिर काच, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या किंवा विटांची भिंत लावणे, अंगणात सामासिक अंतरात खोली काढणे आणि गच्चीवर कायम छत टाकणे, या तिन्ही प्रकारांना परवानगी लागते. त्यांपैकी सामासिक अंतरातील बांधकाम जवळजवळ नेहमीच नामंजूर होते. भूखंडाच्या हद्दीपासून सोडायची ही जागा हवा, उजेड आणि आगीच्या वेळी मोकळी वाट यांसाठी असते. दोन घरांमधली अशी जागा दोघांनीही झाकली की मधल्या खोल्यांतला उन्हाळा किती असह्य होतो, हे दाट वस्तीतल्या घरांना पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून अंगणातील नव्या खोलीचा विचार करण्याआधी मंजूर नकाशात दाखवलेली सामासिक अंतरे जागेवर मोजून घ्यावीत.

पात्रता

पहिला प्रश्न चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते याचा आहे. सन 2020 पूर्वीच्या नियमांत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत चटई क्षेत्रातून वगळली जात असे. तशा सवलतीने मंजूर झालेली बाल्कनी आता बंदिस्त केली, तर तिचे क्षेत्र नव्याने हिशेबात येते. सध्याच्या नियमावलीत इमारतीच्या बाह्यरेषेच्या आतले, बाल्कनीसह सर्व क्षेत्र मुळातच मोजले जाते. त्यामुळे 2020 नंतरच्या नकाशातील बाल्कनीबाबत क्षेत्राची अडचण सहसा येत नाही, परंतु सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दाट वस्तीबाहेरील 140 चौरस मीटरच्या निवासी भूखंडावर मूळ निर्देशांक 1.10 धरला, तर 154 चौरस मीटर क्षेत्र मिळते आणि अधिमूल्य, म्हणजे जादा क्षेत्रासाठीचे शुल्क, भरून त्यावर 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (पूरक) क्षेत्र घेता येते. घराचे आजवरचे बांधकाम 150 चौरस मीटर असेल आणि 3 बाय 4 मीटरचा, म्हणजे 12 चौरस मीटरचा व्हरांडा बंद करायचा असेल, तर मूळ क्षेत्रात केवळ 4 चौरस मीटर शिल्लक आहेत आणि उरलेल्या 8 चौरस मीटरसाठी अधिमूल्याचा विचार करावा लागेल. फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा हिशेब वास्तुविशारदाकडून करून घ्यावा.

दुसरा प्रश्न आतल्या खोलीचा आहे, आणि उष्ण प्रदेशात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या खोलीची एकमेव खिडकी व्हरांड्यात उघडते, त्या खोलीला व्हरांडा बंद झाल्यावर बाहेरची हवा मिळत नाही, म्हणून नकाशा तपासताना हा आक्षेप निघतो. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश इतकी हवा-उजेडासाठी उघडी जागा अपेक्षिली आहे. विदर्भातल्या घरात याला आणखी एक कारण आहे. डेझर्ट कूलर बहुधा याच खिडकीला लावलेला असतो. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, तेव्हाच गारवा येतो. व्हरांडा बंद केला की कूलर त्याच कोंडलेल्या, आधीच ओल्या हवेला पुन्हा पुन्हा फिरवतो आणि खोलीत गारव्याऐवजी चिकचिक भरते. नवी चौकट काढताना कूलरसाठी बाहेरच्या बाजूला खिडकी आणि समोरच्या बाजूला हवा निघून जाण्याची वाट, या दोन्ही गोष्टी नकाशातच दाखवाव्यात. त्यामुळे आक्षेपाचे कारण राहत नाही आणि कूलरही नीट चालतो.

छताबाबतही आधीच निर्णय करावा. नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला नऊशे ते हजार वॅट ऊन पडते आणि साध्या पारदर्शक काचेतून त्याचा सुमारे चार पंचमांश भाग उष्णता होऊन आत येतो. म्हणजे 10 चौरस मीटरच्या काचेच्या छतातून सात-आठ किलोवॅट उष्णता आत येईल, आणि एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅटच काढू शकतो. थंड देशांत उन्हासाठी केलेली काचेची खोली येथे जशीच्या तशी करू नये. छत अपारदर्शक आणि उष्णतारोधक ठेवावे, पश्चिमेला काच शक्य तितकी टाळावी आणि दक्षिणेला खोल छज्जा द्यावा. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असतो, त्यामुळे त्या छज्ज्याखालूनही हिवाळ्याचे कोवळे ऊन घरात येते.

कागदपत्रे

सर्वप्रथम आपले नियोजन प्राधिकरण कोणते हे निश्चित करावे. नागपुरात भूखंडाच्या स्थानानुसार महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्याकडे अर्ज जातो. चुकीच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाने महिने वाया जातात.

मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयाची अद्ययावत आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), किंवा जेथे ती नाही तेथे सातबारा, तसेच नोंदणीकृत खरेदीखत लागते. आखीव पत्रिकेवर दिवंगत वडिलांचे किंवा आजोबांचे नाव तसेच राहिले असेल, तर वारसनोंद आधी करावी आणि सर्व सहमालकांची लेखी संमती घ्यावी. अनेक अर्ज याच टप्प्यावर अडकतात. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या लेआउटमधील भूखंडासाठी नियमितीकरणाचे पत्र जोडावे. नझूलच्या, म्हणजे शहरातील सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यावरील जागेसाठी पट्ट्याच्या अटी तपासून आवश्यक तेथे जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी घ्यावी. घर बँकेकडे तारण असल्यास बँकेचे ना हरकत पत्र लागते.

बांधकामाच्या बाजूने पूर्वीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, आणि वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक अभियंत्याने तयार केलेला सुधारित नकाशा जोडावा. त्या नकाशात नवे काम लाल रंगात आणि पाडायचा भाग पिवळ्या रंगात दाखवतात. स्ट्रक्चरल अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र केवळ सोपस्कार म्हणून घेऊ नये. बाल्कनीच्या कडेवर साडेचार इंची विटांची भिंत छतापर्यंत चढवली, तर दर मीटर लांबीला सुमारे 600 किलो भार त्या लटकत्या स्लॅबच्या टोकावर येतो, आणि बहुतेक बाल्कन्या त्यासाठी बांधलेल्या नसतात. पत्र्याच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या छताला वरून येणाऱ्या भारापेक्षा वाऱ्याच्या उचलीचा धोका अधिक असतो. भारतीय मानकानुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. काच कठीण केलेली सुरक्षा काचच असावी, असे नकाशावर लिहून घ्यावे.

सदनिकाधारकांना याशिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थेची लेखी मंजुरी हवी. अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खालील इमारतीत महत्त्वाची वाढीव रचना करायची असल्यास अन्य सर्व सदनिकाधारकांची संमती आवश्यक असते. सामायिक गच्ची ही सर्वांची असते, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यालाही तिच्यावर एकट्याने छत टाकता येत नाही.

अर्ज, छाननी आणि शुल्क

अर्ज तांत्रिक व्यक्तीमार्फत, म्हणजे वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, ऑनलाइन प्रणालीवर दाखल होतो. छाननी आणि जागेची पाहणी झाल्यावर त्रुटी कळवल्या जातात. त्यांना एकेक करून नव्हे, तर एकाच वेळी पूर्ण उत्तर द्यावे. त्यानंतर डिमांड, म्हणजे शुल्क भरण्याची मागणी, निघते. तिच्यात विकास शुल्क, छाननी शुल्क आणि लागू असल्यास अधिमूल्य असते. स्वतःच्या राहत्या घराच्या पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या बांधकामाला एक टक्का कामगार कल्याण उपकर लागू होत नाही.

नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क भरल्यावर मिळणारी पोच हीच परवानगी मानण्याची, तर 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत निर्णयाची सोय आहे. ही सवलत भूखंडाच्या आकारावर ठरते, वाढीव खोलीच्या आकारावर नाही, आणि नियमांचे पालन तिच्यातही पूर्णपणे करावे लागते. इतर अर्जांवर 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास कलम 45 नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाते, परंतु प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच. नकार मिळाल्यास कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते व अर्ज करून वर्षावर्षाने, कमाल तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. उन्हाळ्याआधी काम पुरे व्हावे असे वाटत असेल, तर दसऱ्याच्या सुमारास अर्ज दाखल करणे सोयीचे पडते.

काम आधीच झाले असल्यास

विनापरवाना कामाला कलम 53 खाली नोटीस येऊ शकते. तिच्यात 24 तासांपासून एक महिन्यापर्यंतची मुदत असते, आणि त्याच मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो. काम नियमांत बसणारे असेल तर ही खरी संधी आहे, म्हणून नोटीस बाजूला ठेवून देऊ नये. महानगरपालिका हद्दीत अवैध बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती आकारण्याची तरतूद आहे. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केले आहे. तरीही शास्तीची पावती म्हणजे परवानगी, असे समजून घर विकायला काढणारे लोक आढळतात आणि खरेदीदाराची बँक मंजूर नकाशा मागते तेव्हा व्यवहार थांबतो.

रीतसर काम पूर्ण झाल्यावर तांत्रिक व्यक्तीच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह सुधारित भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि ते मिळाल्यानंतर कर विभागाकडे नव्या क्षेत्राची नोंद करून घ्यावी. सुधारित नकाशाची शिक्क्यासह प्रत खरेदीखताजवळच ठेवावी.