उलाळ विमान

निपाणी-चिकोडीकडच्या गाडीवानाला समतोल शिकवावा लागत नाही. उसाच्या मोळ्या पुढं जास्त झाल्या तर गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर ओझं. मागं जास्त झाल्या तर उलाळ, जू वर उचललं जातं. घरी बांधलेल्या विमानाची चाचणी घेणाराही याच प्रश्नावर अडतो: वजन बसलंय कुठं?

परवा येळ्ळूरच्या राजहंसगडावर भाच्याबरोबर थर्माकोलचं ग्लायडर उडवलं. नाकावर रुपयाचं नाणं चिकटवलं तेव्हा ते तरंगत गेलं. नाणं चार बोटं मागं घेतलं, तर नाक वर करून धपकन खाली. गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं तोललं जातं ती जागा) तटस्थ बिंदूच्या, म्हणजे विमानाचं आपणहून सावरणं जिथं संपतं त्या जागेच्या, पुढं असला, तर वाऱ्यानं उचललेलं नाक विमान आपणहून खाली आणतं. मागं गेला, की तेच नाक आणखी वर जातं.

म्हणून पहिली उड्डाणं वजन पुढं ठेवून करतात. नंतर वाळूच्या पिशव्या मागं बांधत गुरुत्वमध्य दर फेरीला थोडासाच मागं सरकवायचा. चाचणी भरपूर उंचीवर घ्यायची, आणि ती जमिनीपासून मोजायची. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर चाकं टेकलेली असतानाच समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २,५०० फूट असते!

समजा १०० नॉटला (ताशी सुमारे १८५ किमी) विमान ट्रिम केलं, म्हणजे दांड्याला हात न लावता त्याच वेगानं उडेल असं लावलं. आता नाक वर-खाली करणारा हा दांडा मागं ओढून वेग ९० वर आणायचा आणि किती जोर लागतो ते पाहायचं. काहीजण चक्क ताणकाटा अडकवतात. वेग कमी ठेवायला जास्त ओढावं लागलं, तर ठीक.

मग दांडा सोडायचा. विमान नाक खाली घालून वेग घेतं, पुन्हा वर चढतं, पुन्हा खाली. झोपाळाच. १०० नॉटला एक झोका सुमारे २३ सेकंदांचा. या झोक्यासाठी ‘फ्यूगॉइड’ हे नाव ब्रिटिश अभियंते लँचेस्टर यांनी १९०८ च्या ग्रंथात वापरलं. उड्डाण म्हणून त्यांनी उचललेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ खरं तर ‘पळ काढणं’! झोके हळूहळू विरावेत ही अपेक्षा. थोडे रेंगाळले तरी मी घाबरणार नाही, इतक्या संथ झोक्याला वैमानिक सहज आवरतो.

भीती काट्याची. वजन मागं जाईल तसा जोर घटत जातो. तो शून्याला टेकेपर्यंत थांबायचं नसतं. बऱ्याच आधी पिशव्या थांबवायच्या आणि तिथंच गुरुत्वमध्याची मागची हद्द आखायची.