काजव्यांच्या गावाला जाताना

“ताई, बॅटरी बंद करा. जरा दम धरा, मग बघा.”

अकोले तालुक्यातल्या रतनवाडीच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर थांबवून वाटाड्या दादांनी एवढंच सांगितलं. जूनचा पहिला आठवडा होता. माती वळवाच्या सरींनी भिजलेली, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पहिली दहा मिनिटं एखाददुसरी ठिणगी सोडली तर मला काहीच दिसलं नाही. मग समोरचं सादड्याचं झाड हळूहळू उजळत गेलं. काजवे आधीपासून तिथेच होते, माझे डोळे उशिरा पोहोचले. मंद उजेडात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना अंधाराला पुरतं सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलचा एक झोत पडला की ती सगळी कमाई क्षणात जाते.

तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली, हेडलाइट थेट झाडावर. सादडा विझला. गाडी निघून गेल्यावरही तो बराच वेळ अंधारातच होता, मग एका फांदीच्या टोकाला भीतभीत एक ठिपका लुकलुकला.

झाड का विझतं, हे समजून घेतलं तर तिथे कसं वागायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. काजव्यांचा उजेड म्हणजे लग्नाची बोलणी. नर उडता उडता किंवा पानावर बसून ठरावीक लयीत चमकतो, गवतातली किंवा झुडपातली मादी त्याला उत्तर देते. पानावरचा काजवा शांतपणे, जवळून पाहिला तर पोटाच्या टोकाशी फिकट पिवळसर पट्टे दिसतात. तो त्याचा दिवा. बऱ्याच जातींमध्ये नराला असे दोन पट्टे असतात, मादीला एकच. त्या पट्ट्यांतल्या पेशींमध्ये ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने, पेशीतली ऊर्जा वापरून, त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश निघतो. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून काजवा तळहातावर चालला तरी चटका बसत नाही.

काही जाती तर झाडभर एकाच ठेक्यात चमकतात. याचा उलगडा व्हायला फार वेळ लागला. १९६५ साली जॉन आणि एलिझाबेथ बक या अमेरिकी संशोधक जोडप्याने थायलंडमध्ये नदीकाठचे काजवे पकडून बँकॉकच्या हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत सोडले. आधी ते आपापल्या चालीने चमकत होते. थोड्या वेळात शेजारी शेजाऱ्याशी जुळला, मग जोड्यांचे गट झाले. म्हणजे त्यांच्यात ताल धरणारा कुणी म्होरक्या नसतो. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची चमक पाहून स्वतःचं आतलं घड्याळ किंचित पुढेमागे करतो. भजनात टाळकरी एकमेकांचं ऐकत लय धरतात, तसंच. आता त्या भजनात कुणी कर्णा वाजवला तर काय होईल? हेडलाइट तेच करतो. त्या उजेडात नराची चमक मादीला दिसत नाही, कित्येक नर चमकायचंच थांबवतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य उणंपुरं दोन-तीन आठवड्यांचं, आणि रात्रीतले बोलणीचे तास मोजके. शनिवारी-रविवारी रात्रभर गाड्यांची रांग लागली तर त्या मोजक्या रात्रींतल्या किती वाया जातात, याचा हिशोब मला बेचैन करतो.

उजेडाइतकंच पाऊलही घातक. मेक्सिकोत त्लाश्काला राज्यातल्या नानाकामिल्पाच्या उंच जंगलात दर उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. तिथल्या काजव्यांच्या माद्यांना उडता येत नाही. त्या जमिनीवर, पाचोळ्यात बसून नराला साद घालतात. पायवाट सोडून दोन पावलं आत गेलेल्या माणसाला आपण काय तुडवलं ते कळतही नाही.

थायलंडच्या आम्फावा गावातली गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. तिथे मे क्लाँग नदीकाठच्या लाम्फू झाडांवर काजवे जमतात. ते दाखवायला रात्री मोटारबोटी धावू लागल्या. इंजिनाच्या घरघरीने नदीकाठच्या लोकांची झोप उडाली आणि त्यांतल्या काहींनी वैतागून दारातली ती झाडंच तोडली. मी त्या लोकांना दोष देणार नाही. पाहुणे त्यांच्या दारावरून गेले, पण घरात कुणी आहे याची त्यांनी दखलच घेतली नाही. मलेशियात क्वाला सेलांगोरजवळच्या काम्पुंग क्वान्तानमध्ये वल्ह्याच्या होडीतून काजवे दाखवतात, नावाडी गावचेच असतात. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या एल्कमाँटला तर मोजक्याच गाड्यांना परवाने मिळतात, तेही चिठ्ठ्या काढून, आणि बॅटरीवर लाल कागद लावून जमिनीकडेच धरायला सांगतात. लाल प्रकाश काजव्यांना बराच कमी जाणवतो आणि आपले सरावलेले डोळेही त्याने फारसे दिपत नाहीत.

आपल्या अकोले तालुक्यातही चांगली वाट आहे. पुरुषवाडीत पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, तिथलीच भाकरी-भाजी खातात आणि गावातला माणूस काजवे दाखवायला नेतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांतली कुठली झाडं यंदा भरली आहेत, हे त्याला ठाऊक असतं. असं झाड उभं राहण्यात घराघराचा फायदा असला की त्यावर कुऱ्हाड सहसा पडत नाही. तेव्हा दिवस मावळायच्या आत गावात पोहोचा, गाडी गावातच ठेवा, पुढे चालत जा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शिट्ट्या आणि गाणी नकोत, गावाला पहाटे उठून शेतावर जायचं असतं. आणि फोटोचं मनात आणू नका. सगळं रान सोन्याने भरलेलं दिसतं ना, त्यातली बहुतेक छायाचित्रं तिकाटण्यावरच्या (ट्रायपॉडवरच्या) कॅमेऱ्याने कितीतरी वेळ घेतलेली, अनेक थर एकावर एक चढवून केलेली असतात. मोबाइलात काळा चौकोन येतो, मग माणूस फ्लॅश उडवतो.

मृगाचा पाऊस जोर धरतो, काजवे दिसेनासे होतात आणि हॉटेलं रिकामी होतात. पण माद्यांनी ओल्या मातीत घातलेली अंडी तिथेच असतात, गाड्या लावल्या होत्या त्या गवताखालीही. त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि वर्षातला बहुतेक काळ अळी म्हणूनच जगतात. गोगलगाय गाठायची, चावून विषाने लुळी करायची आणि खायची, हा त्यांचा उद्योग. श्रावणात रात्री भाताच्या बांधावरून खाली पाहिलं तर चिखलालगत एखादा हिरवट ठिपका न लुकलुकता सरकताना दिसतो. तीच ती अळी, पुढच्या जूनमध्ये सादड्यावर चढणारी.